देगीवरची कणीक

मूल गावात आमच्या अब्बांशिवाय लग्नाची बिर्याणी शिजत नसे आणि त्यांच्या हुकमाशिवाय आमच्या घरात पान हलत नसे. मी ब्रह्मपुरीहून एम.एस्सी. झाले, नागपुरात संशोधनाला जागाही मिळाली, तर अब्बा अडून बसले. "प्रोटीन कापणारे एन्झाइम! कापाकापी तर मीबी करून राह्यलो. काऊन जातं तितकं दूर? मले समजावून दे, मंग जा."

मी पेशी, संदेश, सगळं ओतलं. त्यांनी जांभई दिली. "नाई समजलं." असा संताप आला म्हणून सांगू! प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपत होती.

गुरुवारी मोहल्ल्यात लग्न होतं. बिर्याणीचं मोठं भांडं, देग, मंद आचेवर दमाला, झाकणाच्या कडेनं कणीक थापून बंद. निकाह झाला की अब्बा ती कणीक कापतात. कुणाला हाक मारावी लागत नाही. वास मांडवात शिरतो आणि माणसं जेवायला बसतात. पण अब्बांच्या हाताखाली राबणाऱ्या माझ्या मामूंना कोण घाई! अब्बा पान खायला वळले आणि मामूंनी कणीक कापली. झालं! काझी अजून यायचे होते, तांदूळ कच्चा, आणि अर्धी वरात जेवणाच्या दस्तरखानावर! मामू बिचारे वाळलेली कणीक परत चिकटवत बसले. ती कसली चिकटते!

अब्बा त्यांच्यावर बरसणार, तोच मी ओरडले, "अब्बा, हेच! हेच शिकाचं हाये मले!"

"काय? मामूची बेवकुफी?"

"पेशीवर काही प्रोटीन असेच बंद असते. खबर त्यातच दबून राह्यते. एन्झाइम येते, टोक कापते, अन् पेशीले खबर लागते. कापलेलं परत चिकटत नाई. भलत्या वेळी कापलं तर सूज येते, रक्त नको तिथं गोठते. कोण कवा कापते, ते मले शोधाचं हाये!"

अब्बा ताजी कणीक थापत होते. हात थांबला. "मंग पेशी काय करते?"

"नवीन बनवते. तुमच्यावानीच."

ते असे हसले की मांडवातली माणसं वळून बघायला लागली.

निकाह झाला. अब्बांनी सुरी माझ्यापुढे धरली. आजवर ती त्यांनी स्वतःहून कोणाच्याच हाती दिली नव्हती. "घे. कवा कापाचं, तुले समजते."

मी कणीक कापली. वास सुटला, माणसं बसली. मागून अब्बा मामूंवर खेकसत होते, "बसला काय? उद्याची नागपूरची पहिली बस कवा हाये, इचारून ये!"