एका घासाची नेमणूक

"एका सोमवारी, हॉटेल बंद असताना, एक अनोळखी बाई दारात आली. आमच्या संस्थापकांनी तिच्या हातच्या बांगड्याच्या आमटीचा एकच घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, 'उद्यापासून ये.' माणसे पारखण्याची ही दृष्टीच आमच्या यशाचा पाया आहे."

आमच्या हॉटेलाची फ्रँचायझी घेणाऱ्यांना जी माहितीपुस्तिका दिली जाते, तिच्या तिसऱ्या पानावर हे छापलेले आहे. संस्थापक म्हणजे मी. लेखक माझा मुलगा, जो पुण्यात राहून आमच्या सगळ्या शाखांचा कारभार पाहतो. सोबत डोळे मिटलेले माझे छायाचित्रही आहे. ते डोळे पुतणीच्या लग्नात होमाच्या धुराने मिटलेले आहेत. मी हयात आहे, मालवणातच राहतो, आणि मला कोणीही काही विचारलेले नाही. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

ती बाई आली त्या हंगामात माझे तीन आचारी एकामागून एक गोव्याला निघून गेले होते. तिकडे पगार जास्त, म्हणून माणसे टिकत नाहीत, असे आजही आमचे हॉटेलवाले ठामपणे सांगतात. मीही तेव्हा तेच सांगत असे. ती गोव्याच्या हद्दीलगतच्या आरोंद्याची, ख्रिस्ती, गोव्यातल्या हॉटेलांत अनेक वर्षे रांधून मालवणात बहिणीकडे राहायला आलेली. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. मी तिला पहिला प्रश्न विचारण्याआधीच ती म्हणाली, "आदी माका रांधपघर दाखवा, शेट."

स्वयंपाकघरात तिने एकेक झाकण उचलून पाहिले.

"कालचा सार खंय गेला?"

"सरला," मी म्हणालो.

"सगळा? मगे ह्या टोपाक वास कसलो येता?"

मी टोपावर झाकण परत ठेवले.

"तुमची माणसा किती वाजता जेवतत?"

"गिराइका उठली काय. उरला ता जेवतत."

ती हसली. "म्हणजे पयला गिराइकाक वाढतास, आणि वायट झालेला मागसून तुमच्या माणसांक कळता. सगळा उलटा झाला मा, शेट!"

मग तिने तिची अट सांगितली. रोज साडेअकराला, दार उघडण्याआधी, स्वयंपाकघरातल्या सगळ्यांनी मालकासकट बसून जेवायचे, आणि जेवायचे तेच, जे बाराला गिऱ्हाइकाला वाढायचे आहे. कोणीही ताट बाजूला सारले, तर तो टोप बाहेर जाणार नाही. "आठ दिस बघतंय," ती म्हणाली. "बरा वाटला तर रवतंय." मी माझ्याच हॉटेलात नोकरी मागायला आल्यासारखा हात बांधून उभा होतो. नेमणूक झाली ती माझी. परीक्षाही माझीच होती, आणि ती आठ दिवस चालली.

ती राहिली, गुडघ्यांनी रजा मागेपर्यंत राहिली. एकदा नाताळच्या सुट्टीत पर्यटकांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. साडेअकराच्या पंगतीत भांडी घासणाऱ्या बाईने सुरमईच्या आमटीचे ताट पुढे सरकवले आणि मान हलवली. मी चाखली. मला काही कळले नाही. मी म्हणालो, वाढा. आरोंद्याच्या बाईने टोप उचलून मागच्या खड्ड्यात ओतला.

"मालक मी काय तू?" मी ओरडलो.

"मालक तुमीच. म्हणान तर तुमचा नाव वाचवतंय!"

त्या दिवशी सुरमईसाठी आलेल्या लोकांना आम्ही कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी वाढली. कित्येक जण उठून गेले. पण भांडी घासणाऱ्या बाईच्या शब्दावर टोप ओतला जातो, हे स्वयंपाकघराने पाहिले. त्यानंतर माझ्याकडून गोव्याला कोणी गेले नाही. जास्त पगाराचे निरोप येत राहिले, माणसे जागची हलली नाहीत. ह्याला माझी पारख म्हणणे हा त्या दोघींवर अन्याय आहे, आणि माझ्यावर उपकार. तो मला नको.

गेल्या महिन्यात फोंडाघाटच्या नव्या शाखेसाठी पुस्तिका पुन्हा छापायला निघाली. तिथल्या शाखाचालकाने जुन्या प्रतीतले तिसरे पान वाचून तेच केले, जे कोणीही करील. नोकरीसाठी आलेल्या प्रत्येकीच्या आमटीचा एकेक घास घेतला, डोळे मिटले आणि सगळ्यांना परत पाठवले. मी मुलाला बोलावून घेतले. मी तसला घास घेतलाच नव्हता, हे पान काढ, त्याजागी साडेअकराच्या पंगतीचा नियम घाल, असे सांगितले.

मुलगा माझा शत्रू नाही, हे इथे नोंदवतो. आमचे नाव घाट चढले ते त्याच्यामुळे, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पण तो म्हणाला, "बाबा, मसाल्याचं तयार वाटण मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येतं. पंगत बसवली तर सगळं वेळापत्रक कोलमडेल. आणि शाखा घेणाऱ्याला पंगत नको असते, त्याला नेता हवा असतो."

"नेतो होयो तर आरोंद्याक जा. थंय बसलीहा ती."

त्याने खरोखरच तिला फोन लावला. पलीकडून आधी तिचे हसणे ऐकू आले. "छापूंदे रे बाबा! शेटांका बरा दिसता. माका काय कमी पडूक नाय हा." एवढी मोठी बाई! माझ्या घरातला प्रत्येक घास त्या बाईचा देणेकरी आहे, आणि ती मलाच श्रेय देऊन मोकळी झाली.

मुलाने फोन ठेवला. "बघा, त्यांचीही तक्रार नाही. तो सोमवार होता, त्या दारात आल्या, इथवर तुम्हीच आजवर सांगत आलात. मग तुम्ही घास घेतलाच नाही, हे कशावरून?"

मी त्याला एकच गोष्ट ऐकवली. मग त्याने छापखान्याला फोन करून तिसरे पान थांबवले, आणि साडेअकराच्या पंगतीचा मजकूर तिथेच, माझ्यासमोर बसून लिहून काढला. पुण्यात सातही वार सारखे झाल्यामुळे त्याच्या ध्यानातून गेलेली गोष्ट एवढीच होती: "अरे, सोमवार होतो मा? उभ्या जल्मात सोमवारी मी माशाक हात लावलेलो नाय."