पू मावशींच्या कमी तिखटाच्या नूडल्स

पू मावशींना क्यूआर कोडचं वावडं होतं असं कुणी म्हणेल, तर ते साफ खोटं. चीनमधल्या चंगतू शहराच्या भाजीबाजारात सगळ्यांत आधी फोन निघायचा तो त्यांचाच. टोफूवाल्याच्या खांबाला टांगलेला कोड टिपला, टिंग वाजलं, की काम झालं. ओल्या हातांनी दिलेली चिल्लर नको, पिशवीच्या तळाशी चिकटलेल्या नोटा नकोत. सूतगिरणीतल्या जुन्या मैत्रिणींना त्या स्वतः शिकवायच्या, "अगं, आरशासारखा काय धरतेस? कोडाकडं तोंड कर त्याचं."

बिनसलं ते लूच्या नूडल्सच्या दुकानात.

इतकी वर्षं मावशी उंबऱ्यातूनच हाक द्यायच्या, "एक वाटी, तिखट कमी." बसेपर्यंत वाटी समोर. त्या वसंतात लूनं दुकान रंगवलं, भिंतीवरची पदार्थांची पाटी उतरवली आणि टेबलाटेबलावर कोड चिकटवले. मावशींनी नेहमीची हाक दिली, तर वाढणारी मुलगी म्हणाली, "मावशी, स्कॅन करून मागवा ना."

"मी इथं, लू तिथं. मध्ये फोन कशाला?"

"आता असंच असतं."

मावशींनी फोन धरला. त्यानं आधी नंबर मागितला, मग नाव, मग जन्मतारीख.

"नूडल्स खायच्यात की पत्रिका जुळवायचीय?"

खिडकीजवळच्या टेबलावर एक टकले गृहस्थ बसले होते, फान नावाचे. ते खुदकन हसले. "मी खोटीच टाकली, ताई. त्या हिशेबानं मी अजून शाळेत जातो."

मावशींनी शोधून शोधून 'तिखट कमी'वर बोट ठेवलं. वाटी आली. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी. तिरफळ तर असं, की ओठ जागेवर आहेत का ते चाचपून बघावं. तिकडं फानही कुरकुरले, "हे काय, आजाऱ्याचं पथ्य?"

झालं होतं असं, की रंगारी गेल्यावर टेबलं मांडताना या दोघांच्या टेबलांची कोडांसकट अदलाबदल झाली होती. स्वयंपाकघराच्या लेखी मावशी खिडकीशी बसल्या होत्या.

फाननी आपली वाटी पुढं सरकवली. "उष्टी आहे, चालेल?"

"माझीही आहे. पण तुमच्या त्या तिरफळात जंतूसुद्धा जगायचा नाही."

गलका ऐकून लू हात पुसत आला. "काय करू मावशी? दुपारी गर्दी होते. ऑफिसची पोरं मान वर न करता मागवतात, जेवतात, जातात. त्यांना हेच आवडतं."

"मग त्यांच्यासाठी राहू दे की. मला तोंड आहे, तुला कान आहेत. आणि माझा वाढदिवस घेऊन तू काय करणार? केक आणणारेस?"

लू चुलीकडं वळला. पण पुढच्या आठवड्यात पाटी पुन्हा भिंतीवर आली, आणि कोड टिपल्यावर जन्मतारीख विचारणं बंद झालं. पोरं फोनवरून मागवतात, मावशी उंबऱ्यातून. पैसे मात्र त्या कोडानंच देतात. चिल्लर त्यांना आजही नको असते.

वाट्या बदलल्या त्या दुपारीच फाननी आपल्या फोनवरचा संपर्काचा कोड पुढं धरला होता. मावशींनी तो टिपला. आता बागेत माहजोंगचा डाव मांडायचा असला की निरोप त्यावरून जातो. फान फार वाईट खेळतात. मावशींनी अजून त्यांना तसं सांगितलेलं नाही.