दिष्ट टाकायला गेले तेव्हा

त्या हाटेलातलं दार आपल्या आपण लागतं अन् एकदा लागलं की भायेरून उघडत न्हाई, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्या टायमाला माझ्या ध्यानात राहिलं असतं का, ते बी आता सांगता येत न्हाई. माझी पोरगी तवा सात महिन्यांची व्हती. पालथी पडायला शिकली व्हती अन् मागं मागं सरकायची, पुढं यायचं तिला अजून जमत नव्हतं.

आमचं गाव लोह्याच्या अलीकडं. ह्यांच्या मामाच्या पोराचं लगीन नांदेडला व्हतं. पोरगा पुण्याला कंपनीत, नवरीचे वडील नांदेडचे मोठे गुत्तेदार, ठेके घेणारे, त्यांनी नवरदेवाकडच्या समद्या पाव्हण्यांना मोठ्या हाटेलात खोल्या घेऊन दिल्या. लग्नाला गेलं की कार्यालयात सतरंजीवर आडवं व्हायचं, येवढंच मला म्हाईत. इतं दारात कोट घातलेला माणूस हात जोडून उभा, माझ्या हातातली पिशवी घ्यायला लागला तर मी सोडीचना, तिच्यात पोरीचे लंगोट व्हते अन् दुपारच्या भाकरी.

आम्हाला चौथ्या मजल्यावर खोली भेटली, मी, पोरगी, हे अन् मामी. सासूला मी मामीच म्हणते. ते कोटवाले खोली दाखवायला आले, दाराजवळच्या खाचेत एक कार्ड घातलं तशी समदी लाइट लागली, एसी सुरू झाला. हेच कार्ड दाराला लावायचं अन् हेच इतं घालायचं, असं ते ह्यांना सांगून राहिले व्हते, मी पोरीचं नाक पुसून राहिले व्हते. ते गेल्यावर मी कार्ड काढून बघितलं तर समदा अंधार. पोरगी किंचाळली. मी घाईनं परत घातलं अन् मनात ठरवून टाकलं की ह्याला आता हात लावायचा न्हाई.

खोली चांगली व्हती, खोटं कशाला बोलू. पण मला तितं एक मिनिट सुखाचं गेलं न्हाई. न्हाणीत बादली नव्हती, पोरीला आंघूळ कशात घालावी. तोंड धुवायच्या त्या बेसिनातच बसवून तिला धुतलं, पाणी समदं खाली सांडलं, पांढऱ्या टावेलाला हात लावायची भीती वाटली म्हणून माझ्याच परकरानं फरशी पुसून काढली. लंगोट धुऊन गॅलरीच्या कठड्यावर टाकले तर खोलीतला फोन वाजला, खालून कुणी बाई गोड आवाजात म्हणली की मॅडम, कपडे भायेर दिसून राहिले, आत घ्या. मला मॅडम म्हणलेलं ते पयल्यांदा, अन् ते बी बोलणी बसायच्या वेळी. मग लंगोट मी टीव्हीच्या मागं वाळत घातले.

झोळी बांधायला वर कडी न्हाई, हूक न्हाई. घरी पोरगी झोळीतच निजती. मी म्हणलं खाली अंथरूण टाकते, तर मामी म्हणल्या, लोकं बूट घालून फिरलेली फरशी हाय, लेकरू वर घाल. ती गादी माझ्या कमरेइतकी उंच, अन् मऊ अशी की हात ठिवला की आत जायचा. दोन्ही बाजूंनी उशा लावल्या. हे तवा नव्हतेच, लातूरहून म्हातारी मंडळी आणायला जीप घेऊन गेले व्हते, कारण माझं माहेर तिकडचं अन् रस्ता ह्यांच्या पायाखालचा.

सांजच्याला खाली लॉनवर हळद व्हती. डीजे लावलेला. मामी नवरदेवाची सख्खी आत्या, त्यांचा मान मोठा, त्या पाटापासून हलल्या न्हाईत. पोरगी गोरी हाय, डोळे मोठे, तर बाया हिच्या हातातून तिच्या हातात, तिच्या हातातून तिसरीच्या. नवरीकडची एक मावशी तर मला म्हणली, ही तुझी हाय व्हय, वाटत न्हाई. समद्या हसल्या, मी बी हसले. तितून जी पोरगी रडायला लागली ती थांबेना. दूध घेईना, अंग ताठ करून राहिली व्हती. मामींनी लांबूनच बघितलं, जवळ बोलावलं अन् कंबरेच्या पिशवीतून रुमालाची गाठ काढून माझ्या हातात दिली. मीठ, मोहऱ्या अन् पाच लाल मिरच्या, घरूनच बांधून आणलेल्या. म्हणल्या, वर ने, दिष्ट काढ, खोलीत जाळू नको, इतं चूल न्हाई, भायेर तिवाट्यावर नेऊन टाक. तीन रस्ते मिळतात त्याला आम्ही तिवाटा म्हणतो. अन् म्हणल्या, टाकूस्तोवर कुणाशी बोलू नको, माघारी बघू नको, बोललीस तर काढलेली दिष्ट पोरीवरच उलटती.

हे मला काय नवं नव्हतं. आमच्याकडं समद्या बाया असंच करतात, रस्त्यात सख्खा भाऊ भेटला तरी बोलायचं न्हाई. लेकराला बी संगं न्यायचं नसतं, त्याच्यावरनं काढलेलं त्याच्यापासून लांब न्यायचं असतं. घरी काय, पोरगी झोळीत, जाऊबाई चुलीपाशी, अन् दाराला नुसती कडी.

वर आले, साडीला हळद लागली व्हती म्हणून मॅक्सी घातली, पोरीला गादीवर ठिवलं, उशा लावल्या, सात बार ओवाळलं. ती जरा गप झाली, माझ्या मुठीकडं बघत राहिली. मी म्हणलं आता डोळा लागंल. मूठ घट्ट धरून अनवाणीच भायेर आले अन् दार नुसतं वढून घेतलं. आतून खट्ट आवाज आला. मी ढकलून बघितलं, हाललं न्हाई. कड्याला धरून खाली दाबलं, वर वढलं. न्हाईच. कार्ड आत, खाचेत. अन् आतून पोरगी परत रडायला लागली.

तितं, खोल्यांच्या मधल्या गल्लीत, पाच पावलांवर एक बाई व्हती. साफसफाईवाली, चादरींची गाडी घेऊन उभी, डोक्याला रुमाल बांधलेला, वयानं माझ्या आईएवढी. तिनं मला बघितलं, म्हणली, काय झालं गं बाई, दार बंद झालं का. मी तिच्याकडं बघितलं. तोंड उघडलं अन् परत मिटलं. मूठ दाखवली, दाराकडं बोट केलं, खाली बोट केलं. ती हसली, तिला वाटलं असंल मुकी हाय बिचारी. परत विचारलं. आत लेकरू रडून राहिलं व्हतं अन् मी त्या बाईसमोर ओठ मिटून उभी. मला येवढंच कळत व्हतं की आत्ता बोलले तर हे समदं पोरीवर उलटंल, पयलं हे टाकायचं, मग बोलायचं. मी पळाले, तिला वाटलं असंल खालून कार्ड आणायला चालली.

लिफ्ट मला चालवता येत नव्हती. चार मजले जिन्यानं उतरले. खालचा तो चकचकीत हॉल, समदे बघत व्हते, मॅक्सी, अनवाणी पाय, मूठ आवळलेली. फाटकावरचा वॉचमन काय तरी बोलला. हाटेलापुढं मोठा रोड, तो सरळच्या सरळ, तिवाटा न्हाईच. दवाखान्याच्या पुढं, मेडिकलच्या पुढं, लांब चालत गेले तवा एक गल्ली येऊन मिळत व्हती. तितं टाकलं. माघारी न बघता वळले अन् पळत सुटले. पाय धुवायचं बी राहिलं.

वर आले तर ती बाई नव्हती, गाडी बी नव्हती. दाराला कान लावला. आत रडू नव्हतं. मी म्हणलं निजली. मग म्हणलं, येवढ्या लवकर कशी निजंल. हाका मारल्या, दार बडवलं. आतून काहीच न्हाई, नुसता एसीचा आवाज.

परत खाली. काउंटरला साडी नेसलेली बाई व्हती, तिला म्हणलं दार उघडा, लेकरू आत हाय. ती म्हणली खोली कुणाच्या नावावर हाय. मी ह्यांचं नाव सांगितलं. ते तिच्याकडं नव्हतं. समद्या खोल्या नवरीच्या चुलत्याच्या नावावर व्हत्या अन् मला त्या माणसाचं नाव म्हाईत न्हाई. ती म्हणली, मॅडम, नियम हाय, दुसऱ्याच्या नावाची खोली अशी उघडता येत न्हाई, त्यांना विचारते. त्यांना फोन लावला, लॉनवर डीजे, कोण उचलतंय. परत लावला. तिची काय चूक, तिनं माझा अवतार बघितला असंल. मी तितंच फरशीवर बसले अन् मोठ्यानं रडले, म्हणलं नाव कुणाचं बी असू द्या, लेक माझी हाय. तवा आतून एक वयस्क सायेब आले, त्यांनी काही विचारलं न्हाई, तिला म्हणले वर फोन करा, उघडायला लावा.

आम्ही लिफ्टनं वर गेलो तर तीच बाई पाचव्या मजल्यावरून पळत आली. गळ्यातल्या दोरीला कार्ड व्हतं, ते दाराला लावलं, हिरवा दिवा लागला अन् दार उघडलं. येवढंच काम व्हतं.

गादीवर पोरगी नव्हती. उशा जागच्या जागी व्हत्या. ती पायाकडच्या बाजूनं मागं मागं सरकत गेली व्हती, तिकडं मी उशी लावलीच नव्हती. खाली फरशीवर उताणी पडली व्हती, डोळे अर्धे उघडे. मी उचललं तर मान सैल. मी काय केलं ते मला आठवत न्हाई, ती बाई सांगत व्हती की मी नुसती तिच्या तोंडावर फुंकत व्हते. मग पोरगी कण्हली. मग उलटी केली. मग रडली, बारीक.

दवाखाना तोच, ज्याच्या समोरून मी मूठ घेऊन गेले व्हते. डॉक्टरीण बाईनं टॉर्च मारून डोळे बघितले, डोक्याच्या मागं टेंगूळ आलं व्हतं त्याला बोट लावलं, मला विचारलं, कधी पडली. मी म्हणलं, म्हाईत न्हाई. पडल्यावर लगेच रडली का थोडा येळ गप व्हती. म्हाईत न्हाई. डॉक्टरीण म्हणल्या, तुम्ही कुठं होता. मामी तवर आल्या व्हत्या, हाताला हळद तशीच. मी म्हणलं, न्हाणीत व्हते. मामींनी माझ्याकडं बघितलं. डोक्याचा फोटो काढला. चोवीस तास ठिवून घेतलं. दर थोड्या येळानं नर्स यायची, पोरीला हलवून जागी करायची, मी म्हणायचे करा, आणखी करा.

लगीन मी बघितलंच न्हाई. हे आले ते सरळ दवाखान्यात, लातूरची म्हातारी मंडळी तशीच जीपमधी बसलेली. ह्यांना बी न्हाणीचंच सांगितलं.

फोटोत काही निघालं न्हाई. सुट्टी झाल्यावर सामान घ्यायला खोलीवर गेलो. हे बिलाचं विचारायला खाली थांबले. मी टीव्हीच्या मागचे लंगोट काढत व्हते तर ती साफसफाईवाली दारात आली. पोरीला बघितलं, तिच्या पायाला हात लावून तोच हात आपल्या तोंडाला लावला. नांदेडच्याच जुन्या मोहल्ल्यातली, मुसलमान. मला म्हणली, "अगे माँ, हात हलाके चली गयी तू. मेरे कू एक लफ्ज बोलती तो वहींच खोल देती मैं. चाबी मेरे गले मेंच थी."

मी तिला दिष्टीचं सांगितलं. तिला नवल वाटलं न्हाई, म्हणली आमच्यात बी उतरतात, लाल मिरच्याच घेतात. मग म्हणली, पर बच्ची रो रही थी ना. अन् माझ्या हातातले लंगोट घेऊन घडी करायला लागली.

गावी आल्यावर मामींनी गल्लीतल्या समद्या बायांना सांगितलं. घरात त्यांना एकट्यांनाच मी खरं सांगितलं व्हतं, सांगितल्याबिगर राहवलं न्हाई. मला वाटलं शिव्या देतील. त्या म्हणल्या, "बोलली न्हाईस ना कुणाशी? म्हणून वाचली पोरगी." तवापासून पाव्हणी आली की माझं कौतिक, सून अशी पाहिजे म्हणून, येवढ्या उंचावरनं लेकरू पडलं पण हिनं तोंडातून शब्द काढला न्हाई. हे घरात नसले की सांगतात. बाया माझ्याकडं बघतात. मी चहा ठिवायला आत जाते.

पोरगी आता दोन वर्षांची व्हईल. चालती, पळती. आई म्हणती, आबा म्हणती, बाकी बोलणं कमीच. शेजारणीचं तिच्या बरोबरीचं लेकरू घडाघडा बोलतंय. अंगणवाडीच्या बाई म्हणतात काही काही लेकरं उशिरा बोलतात, घाबरू नको. मी घाबरते. ती जरा कुटं टक लावून बसली की मी तिच्या डोळ्यापुढं हात हलवते, हे म्हणतात येडी झालीस का. ह्यांना काय सांगू. लिहून राहिले ते बी ह्यांना दाखवायची हिंमत न्हाई.

मागच्या आठवड्यात तिला ताप भरला. मामींनी दिष्ट काढली अन् मूठ माझ्यापुढं धरली, जा टाकून ये. मी मूठ घेतली न्हाई. म्हणलं, "मामी, तुम्ही जा. मी हिच्यापाशी बसते." त्यांच्या घरात येऊन चार वर्सं झाली, असं मी कधी बोलले नव्हते. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. वाटलं आता काही तरी लागंल असं बोलतील. पण मूठ तशीच घेऊन त्याच टाकायला गेल्या.

मी पोरीला मांडीवर घेतलं, टेंगूळ आलेल्या जागी हात ठिवला अन् मामी माघारी यायची वाट बघत बसले. आमचा तिवाटा घराच्या मागंच हाय, चार घरं सोडून. तरी त्यांना यायला लई येळ लागला.