तहबाईंचा वर्ग टेकडीवर गेला तो दिवस

आमच्या शाळेत अकरावी-बारावीला इतिहास शिकवणाऱ्या बाईंना मुलं तहबाई म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतरचं जग हा त्यांचा विषय. वर्गात बाकावरून भांडण झालं की दोघांना फळ्यापाशी बोलावून त्या तह करायला लावत. कलमं, साक्षीदार, सह्या, सगळं रीतसर. तह मोडला तर शीतयुद्ध, म्हणजे आठवडाभर एकाच बाकावर बसायचं आणि एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. मी तेव्हा शाळेत कारकून होतो. माझ्या टेबलाच्या मागची भिंत त्यांच्या वर्गाची, त्यामुळे नको म्हटलं तरी अर्धा इतिहास माझ्याही कानावर पडला.

सनावळ्या त्यांनी कधी घोकून घेतल्या नाहीत. त्यांचा प्रश्न एकच असे: त्या दिवशी सकाळी साधी माणसं काय करत होती? बर्लिनमध्ये काटेरी तारा ओढल्या तेव्हा शहर झोपेत होतं. रविवारी लोक उठले तर पलीकडच्या गल्लीतली बहीण परक्या देशात गेलेली. चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली त्या दिवशी शेजारच्या गावातली पोरं बाहेर खेळत होती. दुसऱ्या दिवशी बसगाड्या आल्या, तेव्हा तीन दिवसांपुरतं सामान घ्या म्हणून सांगितलं.

"भोंगा वाजायची वाट बघू नका," त्या म्हणत. "ज्यांना आधी कळतं ती माणसं आपली लेकरं कुठे ठेवतात, तिकडे बघा."

परीक्षेत हे येत नाही, अशी पालकांची कुरकूर होती. बाई हसून सोडून देत.

आमच्या गावाचं पोट कारखान्यावर. शेतात फवारायची औषधं तिथे बनत. बाईंचे यजमान तिथेच फिटर. त्या हिवाळ्यात ते घरी जेवताना गप्प असायचे, हे बाईंनीच मला पुढे कधीतरी सांगितलं. एकदा बाईंनी खोदून विचारलं, तेव्हा कळलं की मोठ्या टाकीचा दाब मधूनच वाढतोय, आणि भोंगा सारखा उगाच वाजतो म्हणून त्याची वायर काढून ठेवली आहे.

"कुत्रं भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधलंय," ते म्हणाले. "तू कुठे बोलू नकोस. माझी नोकरी जाईल."

बाई बोलल्या नाहीत. पण त्याच सुमारास गावात सगळ्यांच्याच तोंडाला कसलीशी चव यायला लागली होती, जिभेवर नाणं ठेवल्यासारखी. कारखान्याच्या कुंपणालगतचे कावळे दिसेनासे झाले. लोक म्हणाले, थंडीमुळे असेल. कावळा गेला तर रडणार कोण?

एका गुरुवारी बाई वर्गात शिरल्या आणि दारातच थांबल्या. खिडकीकडची पूर्ण रांग मोकळी होती. तिथे कारखान्याच्या अधिकाऱ्यांच्या कॉलनीतली मुलं बसत. कामगारांच्या वस्तीतली मुलं मात्र सगळी हजर.

"आज कॉलनीची बस आलीच नाही," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. ही पाणीपुरवठ्यातल्या पंपवाल्याची थोरली. "सगळे कुठे लग्नाला गेलेत म्हणे."

"सगळेच?"

"सगळेच, बाई."

मागून कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना. भिंतीपलीकडे इतकी शांतता पसरली की मी हातातलं काम ठेवून कान दिला. मुलांना बाईंनी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी वर्षभर जे शिकवलं होतं, ते मुलांना त्या मोकळ्या रांगेत दिसत होतं.

बाई तडक कार्यालयात आल्या. कारखान्याला फोन करून कॉलनीतली मुलं का आली नाहीत एवढं विचारा, असं त्यांनी मुख्याध्यापकांना विनवलं. फोन माझ्याच टेबलावर होता. सर दोन मिनिटं हं, हं करत राहिले आणि रिसीव्हर ठेवून म्हणाले, "सगळं नियंत्रणात आहे. घाबरण्याचं कारण नाही."

"सर, घाबरायचं का, हे तुम्ही विचारलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही मुलांचं विचारलं होतं."

सरांचा चेहरा पडला. पण लेखी हुकमाशिवाय शाळा सोडता येणार नाही, उद्या काही झालं नाही तर आपलं हसं होईल, असंच ते म्हणत राहिले. वाईट माणूस नव्हता तो. नियमाला धरून चालणारा होता.

बाई मैदानात आल्या. कारखान्याच्या धुराड्याकडे बघितलं. धूर शाळेच्या अंगाला येत होता. त्याच आवारात भरणाऱ्या प्राथमिकच्या बाईंना त्यांनी मुलं घेऊन चला म्हणून सांगितलं, पण इतकी चिल्लीपिल्ली घेऊन मी टेकडी कशी चढू, आणि सरांना काय सांगू, असं म्हणून त्या मागे राहिल्या. मग तहबाई अकरावी-बारावीला दोन-दोनच्या रांगेत घेऊन फाटकातून बाहेर पडल्या. पहारेकऱ्याला सांगितलं, स्थळभेट आहे. कुठल्या स्थळाची, ते त्यानेही विचारलं नाही.

टेकडी वाऱ्याच्या उलट दिशेला, जुन्या दगडखाणीवर होती. पुढचं मला पंपवाल्याच्या मुलीनेच नंतर सांगितलं. वर पोचून मुलं धापा टाकत होती, कुणी डबे उघडत होतं. तेवढ्यात एकाने हात केला. कारखान्याच्या कुंपणावरून पिवळट पांढरं काहीतरी ओघळत होतं. ते धुरासारखं वर गेलं नाही. दूध उतू जावं तसं जमिनीला धरून सरकत राहिलं. रस्ता, वस्ती, मग शाळेचं मैदान. आवाज कसलाच नव्हता. भोंगा नाही, ओरडा नाही, काही नाही.

त्या मुलीचा धाकटा भाऊ खाली शाळेत दुसरीत होता. ती धावत सुटली. बाईंनी तिला मधेच गाठून खाली पाडलं आणि अंगावर ओणव्या होऊन धरून ठेवलं. तिने बाईंच्या दंडाला कडकडून चावा घेतला. तरी त्यांनी सोडलं नाही.

खाली आम्ही दारंखिडक्या लावून, ओले रुमाल तोंडाला बांधून बसलो होतो. मला तेव्हापासून दम लागतो तो लागतोच. सर पोरांना आत ओढत शेवटपर्यंत मैदानात राहिले आणि तिथेच पडले. दुसरीच्या वर्गाच्या खिडकीची काच आधीच फुटलेली होती. त्या वर्गातली बरीच मुलं वाचली नाहीत. पंपवाल्याचा धाकटाही नाही.

बाईंचे यजमान जगले, पण डोळे अधू झाले.

चौकशी बसली. समितीचा सगळा रोख एकाच प्रश्नावर होता: तुम्हाला आधी कुणी सांगितलं? खापर फोडायला त्यांना एक नाव हवं होतं, बाईंच्या यजमानांचं. बाई म्हणाल्या, इतिहासाच्या तासाला कळलं. लिहून घेणाऱ्याने पेन थांबवलं आणि ते वाक्य तसंच सोडून दिलं. परवानगीशिवाय विद्यार्थी बाहेर नेल्याचा ठपका मात्र नीट लिहिला गेला. बाईंची बदली झाली नाही. एवढी दया केली, असं त्यांना सांगण्यात आलं.

गावातल्या बायका त्यांच्याकडे येत. काही पाया पडत. काही उंबऱ्यातच उभ्या राहून विचारत, "माझ्याला का नाही नेलंत?"  बाईंनी प्राथमिकच्या बाईंचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. पंपवाल्याची ती मुलगी मात्र त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही. परीक्षेला इतिहास सोडून तिने दुसरा विषय घेतला.

पुढल्या वर्षी कारखाना नव्या नावाने सुरू झाला. नवा रंग, नवे अधिकारी, आणि फाटकापाशी कामाला लागण्यासाठी पहाटेपासून रांग. दोष कुणाला द्यायचा? पोटाला इतिहास कळत नाही. बाईंच्या यजमानांनाही बोलावणं आलं, हलकं काम देतो म्हणून. त्यांनी बाईंना विचारलं, जाऊ का?  भोंग्याची वायर जोडली आहे का ते आधी बघा, एवढंच बाई म्हणाल्या.

सोमवारी ते कामावर गेले. संध्याकाळी ते परत आल्यावर बाईंनी वायरीचं विचारलं. त्यांनी हातपाय धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, "अगं, जेवायला वाढ."