मुळशीचा ताजा मासा आणि पत्र्याच्या पेटीतली आधार कार्डं

मुळशीला जायचं ठरलं ते माशांसाठी. ‘धरणातला ताजा मासा’ अशी कुणाची तरी रील पाहिली आणि रविवारी सकाळी सहाला मी आणि नवऱ्याने मारुंजीहून बाईक काढली. घोटावड्यापर्यंत खड्ड्यांनी हाडं खिळखिळी केली. पौडला मिसळ खाल्ली, पुढचा रस्ता बरा आहे.

काठावर पोचलो तेव्हा जाळी निघत होती. थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून केलेल्या तराफ्यांवर पाच माणसं, पाय पाण्यात. एकाच्याही अंगात लाइफ जॅकेट नाही. शेजारी पर्यटकांच्या होडीत मात्र जॅकेटशिवाय पाय ठेवू देत नव्हते. माझं डोकं इथेच फिरलं.

त्यातला रामप्रवेश बिहारचा. मासे टोपलीत ओतता ओतता म्हणाला, “दीदी, बीवी अस्पताल में है. आधार के बिना इलाज नहीं हो रहा. और आधार सेठ के पास है.”

इथली पद्धतच तशी. माणूस कामावर आला की ठेकेदार त्याचं आधार घेऊन पत्र्याच्या पेटीत ठेवतो. पाण्यात भिजेल म्हणे! हंगाम संपेपर्यंत पेटीला कुलूप.

तेवढ्यात ठेकेदार जीपमधून उतरला. मी सरळ विचारलं. तो हसला. “मॅडम, फिरायला आलात ना? फिरा की.”

मग मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. नवरा मला मागे ओढत होता. ठेकेदारावर ढिम्म परिणाम नाही. काठावर खानावळ चालवणाऱ्या शेवंताबाई मासे घ्यायला आल्या होत्या. त्यांनी टोपली खाली ठेवली.

“त्याचं कार्ड दे. न्हाईतर तुझा मासा आजपासून माझ्या चुलीवर चढायचा न्हाई. बाकीच्या खानावळींतबी सांगते.”

ठेकेदाराने जीपमधली पेटी उघडली. रामप्रवेशने कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. उरलेले चौघेही पुढे आले, तर ठेकेदार म्हणाला, “तुम्हारे घर में कौन बीमार है?” आणि झाकण लावलं. म्हणजे स्वतःचं कार्ड मिळायला घरी कुणीतरी मरायला टेकलेलं हवं!

शेवंताबाईंनी रामप्रवेशला पौडच्या जीपमध्ये बसवलं. आम्ही त्यांच्याकडे जेवलो, थाळी अडीचशेला. मासा चविष्ट होता, याचाही मला राग आला.

घरी येऊन तक्रार लिहायला बसले. ‘कामगारांची नावं’ म्हणून रामप्रवेश लिहिलं आणि हात थांबला. माशांची नावं मी काठावर विचारून घेतली होती: रोहू, कटला, मरळ. त्या चौघांची विचारलीच नव्हती.