काचेच्या नळीत मी, बाहेर वन्सं

परवा सकाळी हिमायतनगरच्या एका दवाखान्यात मला काचेच्या नळीत आडवं घातलं आणि दार लावून घेतलं. चांगली जिवंत असताना! हसू नका.

शुगरवाल्या पायाला चप्पल चावली, अंगठ्याजवळ जखम झाली आणि ती काही भरेना. कडेनं काळी पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, तिथवर रक्त नीट पोचत नाही, बंद नळीत दाब वाढवून ऑक्सिजन देऊन बघू... नाहीच भरली तर अंगठा काढावा लागेल. काढावा म्हणजे कापावा. डॉक्टर लोक गोड बोलतात.

केसाला तेल नको, अंगावर दागिना नको, नुसता सुती गाऊन. सून म्हणाली, "आत्याबाई, किती गरीब दिसताय!" मी म्हटलं, "मग? पाहुणे येणारेत ना मला बघायला." पण ते नुसतं तोंडच.

नळी बघितली आणि ते तोंडही बंद झालं. आमचे हे गेले तेव्हा लेक अमेरिकेहून यायचा होता. तोवर यांना हॉलमध्ये भाड्याच्या बर्फपेटीत ठेवलं होतं. अशीच लांब, वरून अशीच काच... येणारा-जाणारा वाकून बघायचा.

आता आत मी.

हवा भरायला लागली तसे कान दडपले. मशीन चालवणारा सलीम माइकवरून म्हणाला, "अम्मा, डरना नक्को. थूक निगलते रहो." अरे बाबा, गिळायला थुंकी तर पाहिजे! कानात सुया टोचत होत्या. मी ओरडले, "खोल रे, मेरेकू नक्को ये!"

"खोलतूं अम्मा, पर हवा आहिस्ता उतारना पडता. एकदम नै खुलता."

म्हणजे दार लगेच उघडतच नाही! हे ऐकून उरलासुरला धीरही गेला. मनात ठरवलं, एकदा बाहेर पडले की परत यायचं नाही. गेला अंगठा तर जाऊ दे.

तेवढ्यात वन्सं आल्या, माझ्या थोरल्या नणंदबाई. सुलतान बाजारातून ऑटोनं, धापा टाकत. काचेजवळ आल्या, वाकून मला न्याहाळलं... आणि सवयीनं पदर डोक्यावर घेऊन हात जोडले! डोळे मिटून!

मला असं हसू फुटलं की जबडा पार उघडला... आणि फट्कन दोन्ही कान मोकळे. आतून काचेवर टकटक केलं तर बाई किंचाळल्याच.

"वन्सं, हार नाही आणला?"

सलीमच्या हातातला माइक ओढून घेऊन म्हणाल्या, "वहिनी! गेल्यावरसुद्धा गप्प बसायच्या नाहीत तुम्ही!" आणि रडायलाच लागल्या.

सलीमनं विचारलं, "खोलूं क्या अम्मा?" मी म्हटलं, "रहने दे."

भीती गेली असं नाही, खोटं कशाला सांगू. हवेची सूं-सूं जरा थांबली की वाटायचं, संपलं आता. पण वन्सं त्या दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर शेवटपर्यंत बसून राहिल्या, काचेवर तळहात टेकून. मी आतून माझा लावला. यांच्या पेटीवर मीही असाच हात ठेवला होता... तेव्हा आतून कुणी लावला नव्हता.

आज ड्रेसिंग करताना जखमेच्या कडेला काळ्याऐवजी किंचित लाल दिसलं. डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाले.

उद्या परत आत जायचंय. वन्सं, तुम्ही बाहेर बसता म्हणून जातेय... पण हे वाचून फुगू नका.