अंबूअक्कांची वेली

अंबूअक्का कधीच कुणाकडे पुढच्या दाराने गेल्या नाहीत. मद्रासच्या आमच्या भाड्याच्या बिऱ्हाडी पहिल्यांदा आल्या, त्याही मागून, मोरी ओलांडून, "आत कोण की?" असं विचारत. मी बनियनवर बसून ताक पीत होतो. घरबांधणी सोसायटीच्या चिटणिसाने अशा अवस्थेत सापडणं मला मुळीच शोभणारं नव्हतं. मी शर्टासाठी धावपळ करू लागलो, तशा त्या म्हणाल्या, "बस रे. पुढचं दार परक्याला. आपलं माणूस मागूनच येतं."

आमची सोसायटी म्हणजे एकेका खोलीत संसार कोंबून राहणाऱ्या कारकुनांची आणि मास्तरांची. आमच्याकडे अध्यक्ष होता, रबरी शिक्का होता, फक्त जमीन नव्हती. अक्का तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या, विधवा, मूलबाळ नसलेल्या. अड्यारला त्यांची नारळाची बाग होती, मधोमध विहीर. आमची हकिगत कानावर गेली आणि ती बाग त्यांनी आम्हाला फुकट द्यायची ठरवली. "नारळ किती खायचे एकल्या बाईनं?" एवढंच त्याचं कारण त्यांनी सांगितलं.

सोसायटीत मी सोडून बाकी सगळे तमिळ. अक्कांना तमिळ उत्तम येत होतं, पण चालून आलेली संधी मी कसली सोडतो! "बाईंशी बोलणी मराठीतच होतील आणि ती मी करीन," असं मी सभेत जाहीर केलं. मी पडलो पुण्याचा. कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेली मराठी त्या घराण्याने जिवापाड जपली होती, आणि मी ती सुधारायला निघालो होतो. अक्का 'सगळे'ला 'अस्के' म्हणत. मी एकदा ते दुरुस्त केलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं रे. आतापासून अस्के 'सगळे'च म्हणू."

त्यांची अट एकच होती. "घराघरात वेली नको," त्या म्हणाल्या. "वेली आली की माणूस जातं." बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मला लगेच उलगडा झाला. वेल माजली की साप येतो, साप आला की माणूस जातो. बाईंचे यजमान सर्पदंशाने गेले असणार! जखमेवरची खपली काढू नये म्हणून मी काही विचारलं नाही. नुसता गंभीर चेहरा करून म्हणालो, "समजलं, अक्का." त्या म्हणाल्या, "शाणा आहेस."

त्या शाणपणाच्या भरात मी इंग्रजीत नियम लिहिला की आवारात कोणीही कसलाही वेल लावू नये. मग अक्का तंजावरला नात्यातल्या लग्नाला गेल्या आणि आम्ही चिठ्ठ्या टाकून जागा वाटून घेतल्या. माझ्या शेजारची जागा पोस्टातल्या वेंकटाचलमला मिळाली. त्याच्या बायकोने हौसेने घेवड्याचा वेल लावला होता. तो मी समोर उभा राहून तिला उपटायला लावला. वेंकटाचलमने कारण विचारलं, तर म्हणालो, "दात्याच्या भावनेचा प्रश्न आहे."

जन्मात वीतभर जमीन न पाहिलेली आम्ही माणसं. घराची वीट यायच्या आधी प्रत्येकाने कुंपण घातलं. माझं सगळ्यांत देखणं, सुरूच्या वाशांचं, हिरवा रंग दिलेलं. त्याला फाटक, फाटकावर 'गोडबोले' अशी पाटी. घराचा पत्ता नव्हता, पण घरमालक तयार होता.

बक्षीसपत्रावर सही करण्याआधी अक्का जागा बघायला आल्या. सवयीने माझ्या जागेच्या मागच्या बाजूला गेल्या आणि अडल्या. वळसा घालून पुढे आल्या, फाटकाशी परक्यासारख्या उभ्या राहिल्या.

"वेली घातलास की रे," त्या म्हणाल्या.

मी छाती काढून म्हणालो, "अक्का, एक वेल दिसली तर दाखवा!"

त्यांनी हिरव्या वाशावर हात ठेवला. "मग ही काय?"

वेंकटाचलमने कपाळावर हात मारला. "सार, वेली म्हणजे आमच्या भाषेत कुंपण!"

अक्का फाटकाबाहेरूनच बोलल्या. विहिरीवरून त्यांचे यजमान आणि दीर भांडले होते, बागेच्या मधोमध कुंपण आलं होतं. दीर आजारी पडला. "आमचे हे पाण्याचा तांब्या घेऊन वेलीपर्यंत गेले. तिथून परत आले. तिकडे तो गेला, मग इकडे हे झुरून गेले. त्या वेलीनं दोघं नेले रे." मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. "वेली राहत असेल तर मी सही करत नाही." आणि त्या चालू लागल्या.

अस्के कारकून माझ्याकडे बघत राहिले. सगळ्यांची घरं माझ्या शुद्ध मराठीपायी चालली होती. मी फाटकाला झोंबलो. पाटी हातात आली, खांब हलेना. तेवढ्यात वेंकटाचलमची बायको पुढे आली आणि तिने हिसड्यासरशी तो उपटला. उपटण्याचा सराव तिला माझ्याच कृपेने झाला होता. मग एकेक करत सगळेच आपापलं कुंपण उपटू लागले. अक्का विहिरीपर्यंत गेल्या होत्या, आवाज ऐकून वळल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना काठावर बसावं लागलं.

सही झाली, घरं उभी राहिली आणि विहिरीजवळ बांधलेल्या एका खोलीत त्या शेवटपर्यंत राहिल्या. सगळ्या घरांत मागच्या दाराने जात, मीठ कमी आहे म्हणून सांगून येत. एका दुपारी त्यांना घरघर लागली, तेव्हा वेंकटाचलमची बायको पाण्याचा तांब्या घेऊन अंगणा-अंगणांतून धावली. मधे काही आडवं आलं नाही. पाणी वेळेवर पोचलं. मी तिथेच होतो, आणि माझी आई गेली तेव्हा रडलो नव्हतो तितका रडलो.

पुढच्या सभेत मी दुरुस्ती मांडली, की नियमातला 'वेल' खोडून 'कुंपण' लिहावं. वेंकटाचलमने विरोध केला. "इथे कुंपण कुणाच्या डोक्यातही नाही, सार. लिहून कशाला आठवण करून द्यायची?" दुरुस्ती एकमताने फेटाळली गेली. माझं मतही विरुद्धच पडलं.

म्हणून आमच्या सोसायटीत वेलींना अजून सक्त बंदी आहे. अक्कांच्या खोलीवर घेवड्याचा वेल चढला आहे, शेंगा ज्याला हव्या तो मागून येऊन तोडून नेतो. त्याला रोज सकाळी पाणी चिटणीस घालतात.